नर्सिंग कॉलेजात ब्लेंडेड शिकवणं सुरू करताय? मग आधी हे वाचून घ्या

कॉलेजला ट्यूटर म्हणून जॉइन होऊन जेमतेम महिना-दोन महिने होतात आणि एक दिवस प्राचार्य मॅडम केबिनमध्ये बोलावून म्हणतात, "तुम्ही नव्या पिढीच्या, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं, ते ब्लेंडेड लर्निंगचं जरा तुम्ही बघा." झालं, काम गळ्यात. पण नक्की काय बघायचं ते कोणीच सांगत नाही. मग बहुतेक जणी काय करतात, रात्री बसून पीपीटी बनवतात, तिची पीडीएफ करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीच पीपीटी परत वाचून दाखवतात. याला ब्लेंडेड नाही म्हणत, ही झेरॉक्सच आहे, फक्त कागद वाचला.

मी गेली काही वर्षं बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलामुलींना हे असं ऑनलाइन आणि प्रत्यक्ष मिसळून शिकवतेय, आणि नवीन ट्यूटर दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. उदाहरणं नर्सिंगची आहेत पण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), फिजिओ, एमबीबीएस, कुठेही शिकवत असाल तरी चालतील.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जे पुन्हा पुन्हा बघायचं-ऐकायचं असतं ते मोबाईलवर द्या, जे हाताने करायचं ते स्किल लॅबमध्ये, आणि जे माणसाशी बोलून वागूनच येतं ते वॉर्डात. कुठलं अॅप वापरायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटचा, आणि आपण सगळे नेमकी सुरुवात तिथूनच करतो.

काय काय लागेल

- तुमच्या विषयाचा सिलॅबस आणि कॉलेजचं प्रोसिजर मॅन्युअल
- बरा कॅमेरा असलेला मोबाईल, एक स्टँड आणि कॉलरला लावायचा साधा माइक
- कॉलेजच्या नावाचं जीमेल, ते नसेल तर निदान फक्त या कामासाठी वेगळं काढलेलं
- स्किल लॅबच्या चाव्या (हसू नका, चाव्या कोणाकडे असतात हे आधी शोधून ठेवा)
- प्रत्येक प्रोसिजरची चेकलिस्ट, छापील
- प्राचार्यांची लेखी परवानगी, हिच्याबद्दल खाली सविस्तर आहे

स्मार्ट बोर्ड, स्टुडिओ, महागडं सॉफ्टवेअर यातलं काहीही लागत नाही.

१. एकच टॉपिक घ्या

पूर्ण विषय ऑनलाइन न्यायचा विचार डोक्यातून काढा. नवीन टर्म सुरू झाली की उत्साह असतो, पण क्लिनिकल सुपरव्हिजन, परीक्षा, कॉलेजचे कार्यक्रम यात तो किती टिकतो ते तुम्हालाही माहितीय. एकच टॉपिक घ्या, शक्यतो असा की ज्यात थोडी थिअरी आहे, थोडं गणित किंवा निरीक्षण आहे आणि हाताचं काम आहे. नर्सिंग फाउंडेशन्स या विषयातलं रक्तदाब मोजणं एक नंबर. आयव्ही फ्लुइड पण चांगलं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१ पासूनचा सुधारित अभ्यासक्रम सेमिस्टर आणि क्रेडिटवर चालतो, आठ सेमिस्टर, आणि त्यात हेल्थ-नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स हा वेगळा विषयच आहे. म्हणजे "हे सिलॅबसमध्ये कुठंय" असं कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे.

आता कागदावर चार रकाने आखा: मोबाईल, वर्ग, स्किल लॅब, वॉर्ड. निवडलेल्या टॉपिकचा एकेक तुकडा उचलून रकान्यात टाका. रक्तदाबाचं मी असं करते: सिस्टॉलिक-डायस्टॉलिक म्हणजे काय आणि कोरोटकॉफचे आवाज (बीपी घेताना स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारे ठोके) मोबाईलवर, "चुकीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) लावला तर काय होईल" अशी चर्चा वर्गात, कफ बांधणं आणि व्हॉल्व सोडणं लॅबमध्ये, घाबरलेल्या आजोबांना आधी पाच मिनिटं शांत बसवणं वॉर्डात. कुठला तुकडा कुठे जातो यावर सहकाऱ्यांशी वाद होईल, होऊ द्या, तो वादच खरं प्लॅनिंग आहे.

२. मुलांकडे काय आहे ते विचारा, आणि कागदावर विचारा

"तुमच्याकडे इंटरनेट आहे का" हा प्रश्न गुगल फॉर्मवर विचारणारे महाभाग मी पाहिलेत. ज्याच्याकडे नाही तो फॉर्म भरणारच नाही, आणि मग रिपोर्टमध्ये येतं की सगळ्यांकडे आहे! म्हणून वर्गात कोरा कागद द्या आणि विचारा: स्वतःचा मोबाईल आहे की घरी भावाचा वापरता, त्यात जागा किती उरलीय, रोजचा डेटा किती, हॉस्टेलवर रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, आणि हॉस्टेलला मोबाईल किती वाजता जमा करावा लागतो.

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बऱ्याच गर्ल्स हॉस्टेलवर रात्री मोबाईल जमा करायचा नियम असतो आणि आपण मात्र रात्री ८ वाजता व्हिडिओ टाकून "उद्या बघून या" म्हणतो. पोरी बघणार कधी? वॉर्डन मॅडमशी आधीच बोलून घ्या, रोज तासभर अभ्यासासाठी मोबाईल किंवा कॉम्प्युटर लॅब उघडी मिळते का बघा. आणि त्या बोलण्याला प्राचार्यांना सोबत घ्या, एकट्या गेलात तर "नियम म्हणजे नियम" ऐकून परत याल.

३. सगळं एकाच जागी ठेवा

पर्याय साधारण तीन.

गुगल क्लासरूम: फुकट, मोबाईलवर चालतं, शिकायला एक दुपार पुरते. साध्या जीमेलवरून काढलेल्या क्लासमध्येही २५० जण बसतात, म्हणजे एका बॅचला भरपूर. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मूडल: हेही फुकट, ओपन सोर्स, आणि ताकदीचं. पण त्याला सर्व्हर लागतो, अपडेट-बॅकअप बघणारा माणूस लागतो. कॉलेजला आयटीचा पूर्णवेळ माणूस नसेल तर नादाला लागू नका. आयटीवाला सोडून गेला की मूडलचा पासवर्ड पण त्याच्याबरोबर जातो.

व्हॉट्सअॅप: फक्त सूचनांसाठी, आणि तेही फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा ग्रुप करून. अभ्यासाचं साहित्य तिथे टाकलं की आठवड्यात वर निघून जातं, आणि ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो हे विसरू नका. हा मुद्दा पालकांनी उचलला तर आपल्याकडे उत्तर नसतं.

फाइलची नावं नीट द्या. "न्यू फायनल २" असं नाव असलेली फाइल सापडत नाही. युनिट नंबर, टॉपिक, वर्ष, एवढं पुरे.

४. व्हिडिओ: आधी शोधा, मग बनवा

सगळं स्वतः शूट करायची गरज नाही. हात धुण्याच्या पद्धतीवर जागतिक आरोग्य संघटनेचं साहित्य आहे, इग्नूच्या ई-ज्ञानकोशात नर्सिंगचं बरंच लिखित साहित्य पडलंय, ऑनलाइन कोर्सचा सरकारी स्वयम प्लॅटफॉर्म २०१७ पासून सुरू आहे, नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. यूट्यूबवर तर पूर आलाय. पण यूट्यूबवरचा कुठलाही व्हिडिओ टाकायच्या आधी तो पूर्ण बघा, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, आणि समोर आपलं प्रोसिजर मॅन्युअल उघडं ठेवून. परदेशी व्हिडिओत वस्तू वेगळ्या असतात, आधीच भरून आलेली सिरिंज, प्रत्येक बेडला वेगळा ट्रे, भिंतीत बसवलेलं सक्शन. आपल्या मुली तो बघतात आणि वॉर्डात गेल्यावर विचारतात, "मॅडम, ते कुठाय?" आणि परीक्षेला स्टेप त्या व्हिडिओप्रमाणे लिहितात, एक्स्टर्नलच्या (बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या) चेकलिस्टप्रमाणे नाही, मार्क जातात.

म्हणून प्रोसिजरचे व्हिडिओ स्वतःच्याच लॅबमध्ये, स्वतःच्याच ट्रेने केलेले बरे. त्यासाठी काही टिपा:

मोबाईल आडवा धरा. उभा धरलात की मॅनिकिनचा (सरावाच्या पुतळ्याचा) अर्धा हात फ्रेमच्या बाहेर जातो.

पंखा बंद करा. ऐकायला छोटी गोष्ट आहे पण निम्मे व्हिडिओ पंख्याच्या घरघरीने वाया गेलेले असतात. उन्हाळ्यात त्रास होतो, सकाळी लवकर शूट करा.

कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून लावा, समोरून नको. समोरून घेतलं की सगळं आरशासारखं उलटं दिसतं आणि डावा-उजवा हात गोंधळतो. शिकणाऱ्याला जसे स्वतःचे हात दिसणार आहेत तसेच दिसायला हवेत.

लांबी ५-६ मिनिटं, त्याहून जास्त नको. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवरच्या कोर्समधली लाखो व्हिडिओ बघण्याची सत्रं तपासली होती, त्यात ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओच लोक सगळ्यात टिकून बघतात असं निघालं. ४५ मिनिटांचं लेक्चर रेकॉर्ड करून टाकलं तर ते कोणी बघत नाही, तुम्ही स्वतः तरी बघाल का? मोठी प्रोसिजर असेल तर तुकडे करा: तयारी, प्रत्यक्ष कृती, नंतरची काळजी आणि नोंद.

भाषा. वाक्यं मराठी, संज्ञा इंग्रजी. "आता ब्रॅकियल आर्टरी फील करा, कोपराच्या आतल्या बाजूला, दोन बोटांनी, अंगठ्याने नाही." आपल्याकडे निम्म्याहून जास्त मुली मराठी मिडियममधून आलेल्या असतात, पहिलं वर्ष त्यांचं भाषेशी झगडण्यातच जातं. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो म्हणून संज्ञा इंग्रजीच ठेवा पण समजावून मराठीत सांगा. काही सीनियर मॅडमना हे पटत नाही, दर्जा खालावतो म्हणतात. मला वाटतं मुलीला समजलंच नाही तर दर्जा कसला घेऊन बसलात.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकत असाल तर अनलिस्टेड ठेवा, पण ज्याच्याकडे लिंक गेली तो कोणीही बघू शकतो हे लक्षात असू द्या. आणि जिवंत पेशंट व्हिडिओत नको, कितीही गोड आजी असल्या आणि कितीही हो म्हणाल्या तरी नको. मॅनिकिन किंवा एकमेकींवर. ४८० रेझोल्युशनची कॉपी पण ठेवा, ६ मिनिटांचा व्हिडिओ साधारण २०-२५ एमबीत बसतो, तो मुली एकदा डाउनलोड करून ठेवतात आणि मग रेंजचा प्रश्न उरत नाही.

लाइव्ह ऑनलाइन लेक्चरच्या फार मागे लागू नका. फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद होतं, गुगल मीट तासाभराने, आणि त्यातली दहा मिनिटं "माझा आवाज येतोय का" यात जातात. पाहुण्या तज्ज्ञाला बोलवायचं असेल तेवढ्यापुरतं ठीक.

५. व्हिडिओनंतर पाच प्रश्न, पण हुशारीने बनवलेले

गुगल फॉर्ममध्ये क्विझ करा, वर्गाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत भरायला सांगा, मार्क देऊ नका. मार्क दिले की एक भरते आणि बाकीच्या उतरवतात. मार्क नसले की खरं काय येत नाही ते दिसतं, आपल्याला तेच तर हवंय.

पाठांतराचे प्रश्न नकोत. आयव्ही फ्लुइडचं उदाहरण बघा: ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेटवर १ मिलीला २० थेंब लिहिलंय, मिनिटाला किती थेंब? बरोबर उत्तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.६७, आपण ४२ धरतो. आता चुकीचे पर्याय असेच कुठले तरी आकडे टाकून बनवू नका. १२५ ठेवा, हे उत्तर ज्या मुलीने मायक्रोड्रिप (बारीक थेंबांच्या) सेटचे ६० थेंब धरले तिचं येतं. २५०० ठेवा, हे तासांची मिनिटं करायला विसरलेलीचं. २१ ठेवा, ४ तासांच्या जागी ८ धरणारीचं. मग सकाळी फॉर्म उघडला की नुसतं "१८ जणी चुकल्या" असं न दिसता कोण कुठे घसरली ते दिसतं, आणि वर्गात त्यावरच बोलायचं. २५०० वाल्या मुलींना एवढंच विचारायचं, "मिनिटाला २५०० थेंब, मोजून दाखवता का?" पुन्हा ती चूक होत नाही.

६. वर्गात आणि लॅबमध्ये तोच धडा परत शिकवू नका

सगळ्यात मोठा सापळा हाच. पहिल्या दिवशी निम्म्या मुली व्हिडिओ न बघता येतात, आपल्याला वाईट वाटतं आणि आपण "चला, पटकन एकदा सांगते" म्हणून पूर्ण धडा परत घेतो. त्या दिवसापासून व्हिडिओ बघणाऱ्या मुलीही बघायच्या बंद होतात, कारण मॅडम सांगतातच की. ज्यांनी नाही बघितला त्यांना मागच्या बाकावर इअरफोन लावून १० मिनिटं द्या, बाकीच्यांचं काम सुरू करा. ओरडायचं काही कारण नाही. दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

आता रक्तदाबाचं स्किल लॅबमधलं सेशन जरा सविस्तर सांगते, कारण मोबाईल कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो ते इथे नीट कळतं.

कोरोटकॉफचे आवाज ही ऐकायची गोष्ट आहे. पूर्वी आम्ही शिकलो तेव्हा वॉर्डात एका पेशंटचा दंड दहा जणींनी आवळायचा, शेवटच्या तीन-चार जणींना काही ऐकू यायचं नाही आणि त्या शेजारणीचं रीडिंग लिहायच्या, १२०/८०. वहीभर १२०/८०. आता काय करता येतं, काटा खाली येतानाचा क्लोजअप आणि सोबत स्टेथोस्कोपमधला आवाज असलेली छोटी क्लिप द्यायची, मुलींनी इअरफोन लावून पहिला ठोका कुठे आला आणि आवाज कुठे संपला ते लिहायचं. एकच क्लिप पाहिजे तेवढ्या वेळा ऐका, त्या क्लिपचा दंड दुखत नाही. अशा पाच-सहा वेगवेगळ्या क्लिप केल्या की कान तयार होतो, आणि १२०/८० लिहून चालत नाही कारण उत्तर वेगळं असतं.

पण कान तयार झाला म्हणजे बीपी घेता आलं असं नाही. लॅबमध्ये जोड्या पाडा. कफ उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, हात हृदयाच्या पातळीला. आधी नाडीवर बोटं ठेवून कफ फुगवायचा, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या २०-३० वर न्यायचं. ही नाडीवाली पायरी मुली हमखास गाळतात, मग काही पेशंटमध्ये आवाज मधेच गायब होतो आणि परत येतो तिथे फसतात. पुढे व्हॉल्व. सेकंदाला २-३ मिमी या वेगाने पारा किंवा काटा खाली आला पाहिजे, आणि हा वेग फक्त अंगठा आणि तर्जनीलाच शिकवता येतो, कुठल्याही व्हिडिओला नाही. पहिल्यांदा सगळ्यांचा काटा धाडकन खाली पडतो. दुसऱ्यांदा भीतीने इतका हळू येतो की समोरच्या मुलीचा हात निळा पडायला लागतो. चौथ्या-पाचव्या वेळी जमायला लागतं.

दोन कानांच्या जोड्या असलेला टीचिंग स्टेथोस्कोप कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेला असतो, शोधून काढा. मुलगी जे ऐकते तेच तुम्हाला ऐकू येतं, "आला का आवाज?" असं विचारायची गरजच राहत नाही.

ज्या जोडीची पाळी नाही तिच्या हातात छापील चेकलिस्ट द्या, ती समोरच्या जोडीला तपासेल. मोबाईलवर स्वतःचं शूटिंग करून बघायलाही सांगा, "तुझी मान बघ किती वाकलीय" हे आपण सांगून पटत नाही, व्हिडिओत दिसलं की पटतं.

(वॉर्डात आता सगळीकडे डिजिटल मशीन आलंय, मग हे कशाला, असं मुली विचारतात. ज्या रात्री मशीन एरर दाखवतं त्या रात्रीसाठी.)

७. वॉर्ड, पेशंट आणि मोबाईल

इथे अजिबात सूट देऊ नका. मुलींना पहिल्याच दिवशी लेखी नियम द्या आणि सही घ्या:

- पेशंटचा, केस पेपरचा, मॉनिटरचा, एक्स-रेचा फोटो काढायचा नाही
- गुगल क्लासरूमवर केस टाकताना नाव, आयपीडी नंबर, बेड नंबर, गाव काढायचं, वय आणि निदान एवढंच ठेवायचं
- युनिफॉर्मवर वॉर्डात रील नाही

एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते भलेभले विसरतात. छोट्या गावात तर नाव काढून पण भागत नाही, "अमुक गावची साप चावलेली शिक्षिका" म्हटलं की अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते. गोपनीयता नर्सिंगच्या आचारसंहितेत आधीपासून आहेच, आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाय, तेव्हा "शिकण्यासाठी काढला होता" हे उत्तर म्हणून चालणार नाही.

पोस्टिंगवर ज्या मुली आहेत त्यांच्यासाठी मोबाईलवर छोट्याच गोष्टी ठेवा, ड्रग कॅल्क्युलेशनचा तक्ता, त्या वॉर्डातल्या नेहमीच्या औषधांची कार्डं. इन्चार्ज सिस्टरना आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलगी औषधाचं कार्ड वाचत असते आणि सिस्टरना वाटतं चॅटिंग चाललंय, आणि बोलणी तुम्हाला बसतात.

८. हजेरी आणि कागदपत्रं

कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे: परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत किमान ८० टक्के हजेरी, आणि डिग्री मिळण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल एरियात १०० टक्के. म्हणजे घरी व्हिडिओ बघितला म्हणून क्लिनिकलचे तास भरले असं होत नाही. मुलींना हे आधी सांगा, पालकांनाही सांगा, कारण "ऑनलाइनच आहे ना, मग लग्नाला आठ दिवस गावी राहू दे" असे फोन येतात.

कामाला लागण्याआधी प्राचार्यांकडून एका पानाचं पत्र घ्या: कुठला टॉपिक, कुठल्या तारखांना, किती तास वर्गात, व्हिडिओ तासांव्यतिरिक्त आहे की नाही. विद्यापीठाचं किंवा कौन्सिलचं इन्स्पेक्शन आलं की लिंक कोणी उघडत नाही, फाइल मागतात. म्हणून टाइमटेबल, लेसन प्लॅन, क्विझच्या रिझल्टचा प्रिंटआउट, भरलेल्या चेकलिस्ट, लॅबच्या रजिस्टरवरच्या सह्या, सगळं एका बॉक्स फाइलमध्ये. डिजिटल शिकवायचं आणि प्रिंट काढत बसायचं, गंमत आहे, पण आहे हे असं आहे.

९. मार्क, आणि एआयने लिहिलेले केअर प्लॅन

इंटरनलचे मार्क ऑनलाइन टेस्टवर ठेवू नका, ती सरावापुरती. हाताची परीक्षा हातानेच घ्या. ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) ही पद्धत रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ मध्ये मांडली, स्टेशन लावायची, प्रत्येक स्टेशनला ठरावीक मिनिटं आणि चेकलिस्ट. तुमच्याकडे लॅबच्या चेकलिस्ट आधीच तयार आहेत, त्याच वापरा, एका स्टेशनवर बीपीची क्लिप आणि इअरफोन ठेवा.

केअर प्लॅनचं, म्हणजे पेशंटच्या काळजीच्या लेखी आराखड्याचं, सांगायचं तर आता मुली चॅटबॉटला विचारून सुंदर इंग्रजीत लिहून आणतात. पंधरा मुलींचे पंधरा पेशंट आणि सगळ्यांना एकसारखी वेदना, एकसारखी चिंता. बंदी घालून काही होत नाही. मी बेडजवळ उभी करते आणि दोनच प्रश्न विचारते: "यांना रात्री झोप लागली का? काल किती पाणी प्यायल्या?" प्लॅन स्वतःचा असेल तर उत्तर येतं. औषधाच्या डोसबाबत मात्र कडक रहा, चॅटबॉट चुकीचा डोस पण अगदी आत्मविश्वासाने सांगतो, डोस फॉर्म्युलरीत (औषधांच्या माहितीच्या पुस्तकात) किंवा औषधाच्या लेबलवर बघूनच लिहायचा.

१०. चाललंय की नाही हे कसं ओळखायचं

फीडबॅक फॉर्ममध्ये सगळ्या "व्हेरी गुड" लिहितात, त्यावर जाऊ नका. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड आपल्या कामाचा आहे: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामावर करणं. क्विझ फक्त खालचे दोन मजले मोजते, ओएससीई तिसरा. चौथ्यासाठी इन्चार्ज सिस्टरना विचारा, "या बॅचच्या पोरी बीपी कशा घेतात?" त्या तोंडावर खरं सांगतात. वॉर्डातल्या टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास, बीपी लिहायच्या तक्त्यावर) शून्यावर आणि पाचावर संपणारे आकडे कमी झालेत का तेही बघा, कारण नीट वाचलेलं रीडिंग २ मिमीच्या घरात पडतं, १२४, १३८, ७६ असं.

११. नोकरी बदलण्याआधी

खाजगी कॉलेजात ट्यूटर दोन-तीन वर्षांत बदलतात, सगळ्यांना माहितीय. क्लास तुमच्या वैयक्तिक जीमेलवर असेल तर तुम्ही गेल्यावर पुढच्या मॅडमला शून्यापासून करावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एका सहकाऱ्याला को-टीचर करून ठेवा, जाताना क्लासची मालकी तिच्या नावावर ट्रान्सफर करा. ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी असते आणि त्यात जीमेल, फोटो सगळंच येतं, त्यामुळे मूळ व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवा आणि डिस्कवर मार्करने विषयाचं नाव लिहा. चेकलिस्टची वर्ड फाइल पण त्यातच टाका, नुसती पीडीएफ नको, पुढच्या बाईला बदल करता आले पाहिजेत.